पशुवैद्यक होऊ पाहणाऱ्यांचे दहा दिवस : ऐरोलीच्या मोफत निवासी उन्हाळी शिबिराविषयी

मी कळव्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पशुवैद्यकीय शिक्षणाकडे वळू इच्छिणाऱ्या, पण घरात त्या वाटेची माहिती असलेले कुणी नाही अशा मुलांसाठी यंदा मे महिन्यात नवी मुंबईतल्या ऐरोलीला दहा दिवसांचे मोफत निवासी शिबिर भरले होते. माझे तीन विद्यार्थी, दोन मुली आणि एक मुलगा, तिथे निवडले गेले आणि मुलींसोबत महाविद्यालयातील एक शिक्षिका असावी या अटीमुळे दहापैकी पाच दिवस मीही तिथे मुक्कामाला होते. शिबिर घेणारी विश्वस्त संस्था लहान आहे, तिचे हे दुसरेच वर्ष आहे आणि पुढे ज्या तक्रारी लिहिणार आहे त्या मी तिला पत्राने आधीच कळवल्या आहेत, म्हणून तिचे नाव इथे घेत नाही. तरीही हे लिहिते आहे, कारण अशा शिबिरांच्या जाहिराती आता मार्च-एप्रिलमध्ये पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागल्या आहेत आणि ‘मोफत’, ‘निवासी’ व ‘प्रमाणपत्र मिळेल’ यापलीकडे त्यात काय तपासून घ्यायचे, हे पालकांना सहसा कुणी सांगत नाही.

सुरुवात अर्जापासून करावी लागेल. अर्ज ऑनलाइन होता, इंग्रजीत होता आणि त्यात ‘प्राण्यांसोबत काम करण्याचा अनुभव’ असा एक रकाना होता. शहापूर तालुक्यातल्या एका ठाकूरवाडीतून आलेली आणि ठाण्यात मुलींच्या शासकीय वसतिगृहात राहून शिकणारी माझी एक विद्यार्थिनी आहे. तिने त्या रकान्यात ‘नाही’ एवढेच लिहिले. मी विचारले, “अगं, तुमच्या घरी गुरं नाहीत का?” ती म्हणाली, “आहेत ना मॅडम. चार गाई, दोन बैल, शेळ्या पण आहेत.” “मग सुट्टीत गेलीस की त्यांचं कोण बघतं?” “मीच.” “मग ‘नाही’ का लिहिलंस?” त्यावर ती सहज म्हणाली, “तो अनुभव नाही मॅडम, ते घरचं काम आहे.” ज्याचा कागद मिळतो तोच अनुभव, असा तिचा समज होता, आणि अर्जाची भाषा पाहता तो समज चुकीचा म्हणता येत नव्हता. आम्ही तो रकाना पुन्हा लिहायला बसलो. डांगी गाय व्यायल्यावर तिची वार, म्हणजे गर्भाभोवतीची झिल्ली, पडली नाही तेव्हा काय केले, पावसाळ्याआधी घटसर्पाची लस द्यायला पथक आले तेव्हा जनावरे कुणी धरली, शेळीच्या दोन करडांपैकी एकाला बाटलीने दूध कसे पाजले, हे सगळे लिहिता लिहिता दहा ओळी झाल्या. अर्ज मराठीत चालेल का, हे फोन करून विचारले तेव्हा पलीकडून लगेच होकार आला. मात्र तसे अर्जावर कुठेही लिहिलेले नव्हते, आणि फोन न केलेल्या मुलांचे काय झाले असेल, हा प्रश्न माझ्या मनात आहेच.

अशा शिबिरांची कल्पना आली कुठून, हे संयोजिकेने पहिल्याच दिवशी सांगितले. ब्रिटनमध्ये सटन ट्रस्ट ही संस्था १९९७ पासून विद्यापीठांच्या साहाय्याने मोफत उन्हाळी शाळा चालवते. सरकारी शाळेत शिकणाऱ्या, कमी उत्पन्नाच्या घरातल्या, घराण्यात विद्यापीठापर्यंत पोहोचणाऱ्या पहिल्याच अशा मुलांची त्यात निवड होते आणि राहण्या-जेवणाबरोबर प्रवासाचा खर्चही संस्थाच करते. १७९१ साली स्थापन झालेल्या लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजातही या धर्तीची पशुवैद्यकाची उन्हाळी शाळा भरत आली आहे. तिकडे या विषयाची वेगळी उन्हाळी शाळा का लागते, हे समजून घेण्यासारखे आहे. तिथली पशुवैद्यकीय महाविद्यालये गुणांच्या जोडीने प्राण्यांमध्ये काम केल्याचा अनुभव पाहतात आणि बहुतेक ठिकाणी मुलाखतही घेतात. ज्याच्या ओळखीत ना शेतकरी आहे ना पशुवैद्यक, त्या शहरी गरीब मुलाला तो अनुभव मिळवून देणारे कुणी नसते. तेव्हा मुलांना गोठ्यात नेणे, जनावराला हात लावू देणे, डॉक्टरांशी बोलायला मिळणे, हा तिकडच्या शिबिराचा गाभा असणे स्वाभाविक आहे.

आपल्याकडे हिशोब वेगळा आहे. महाराष्ट्रात पशुवैद्यकीय पदवीचा प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो. तिथे मुलाखत नाही, आणि तुम्ही किती गाईंची वार काढली आहे हे कुणी विचारत नाही. शहापूरच्या मुलीकडे गोठा आहे. तिच्याकडे नाही ते नीटच्या तयारीचे मार्गदर्शन, कागदपत्रांची माहिती आणि साडेपाच वर्षांचा खर्च कसा निभवायचा याचे उत्तर. ऐरोलीच्या शिबिराने तिकडचा आराखडा जवळजवळ जसाच्या तसा उचलला आहे आणि त्याचे गुण व त्याचे दोष दोन्ही तिथूनच आले आहेत, असे माझे मत झाले. दहापैकी आठ दिवस जनावरांवर आणि डॉक्टरांवर खर्च झाले, एक दिवस परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या भेटीवर गेला आणि प्रवेशाच्या माहितीला नवव्या दिवशी रात्रीचे जेवण झाल्यावर दीड तास मिळाला.

ते आठ दिवस वाया गेले असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. शिकवणारे मुख्य डॉक्टर पशुसंवर्धन विभागातून निवृत्त झालेले पशुधन विकास अधिकारी होते आणि इतका चांगला शिक्षक मी बऱ्याच वर्षांत पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता टेम्पो ट्रॅव्हलरने सगळ्यांना भिवंडीच्या बाजूच्या एका गोठ्यावर नेले. खोड्यात एक संकरित होल्स्टीन गाय उभी होती. डॉक्टरांनी सांगितले की पाच मिनिटे कुणीही तिला हात लावायचा नाही, एकमेकांशी बोलायचे नाही, फक्त पाहायचे आणि वहीत लिहायचे. दिघा, रबाळे अशा नवी मुंबईतल्या वस्त्यांमधल्या मुलांनी रंग लिहिला, शिंगे लिहिली, ‘शेपूट हलवते’ असे लिहिले. शहापूरच्या मुलीच्या वहीत चार ओळी होत्या: नाक कोरडे आहे, रवंथ करत नाही, गव्हाणीत पेंड तशीच आहे, उभी राहताना पाठ वाकवते. डॉक्टरांनी ती वही दोनदा वाचली आणि विचारले, “नाक आधी का पाहिलंस?” ती म्हणाली, “आमची आजी आधी नाकच बघते.” त्यावर डॉक्टर हसले नाहीत किंवा कौतुकाची टाळीही वाजवायला लावली नाही. निरोगी गाईच्या नाकपुडीवरच्या त्वचेतील ग्रंथी सतत पाझरत असतात, ताप आला किंवा अंगातले पाणी कमी झाले की तो पाझर आटतो, म्हणून आजीचे पाहणे बरोबर आहे, असे त्यांनी सगळ्यांना समजावले आणि मग म्हणाले, “आता आजीला जे दिसत नाही ते मोजू.”

पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही. त्यांनी प्रत्येकाला गाईच्या डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यामधल्या खळग्यात, मूठ दाबून धरायला लावली आणि घड्याळ लावून दोन मिनिटे थांबायला सांगितले. निरोगी गाईचे मोठे पोट साधारण मिनिटाला एक-दोन वेळा हलते आणि ते हलले की मूठ बाहेर ढकलली जाते. या गाईचे पोट दोन मिनिटांत कसेबसे एकदा हलले. नंतर थर्मामीटर. तो शेणात खुपसला तर शेणाचे तापमान कळते, गाईचे नाही. तेव्हा तो आतल्या भिंतीला टेकवून धरायचा, हे एका मुलाची पहिली नोंद चुकल्यावर सांगितले गेले आणि त्यामुळे ते सगळ्यांच्या कायमचे लक्षात राहिले. गाईचे तापमान १०१.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे नेहमीइतकेच निघाले. मग ताप नाही तर काय? डॉक्टरांनी गोठ्याच्या मालकाकडे पाहिले आणि मालकाने जरा ओशाळून कबूल केले की शेजारच्या हॉलमधल्या लग्नात उरलेला भात आदल्या रात्री गुरांना घातला होता. शिजवलेला भात पोटात फार लवकर आंबतो, आम्ल वाढते, वैरण पचवणारे सूक्ष्मजीव त्या आम्लात मरू लागतात आणि पोटाची हालचाल मंदावते. मी दरवर्षी रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे चार कप्प्यांचे पोट फळ्यावर काढते. मे महिन्यातल्या लग्नसराईशी त्याचा काही संबंध असेल, असे माझ्या कधी डोक्यातही आले नव्हते. खाण्याच्या सोड्याने आम्ल कसे उतरते हे डॉक्टरांनी सांगितले, पण मात्रा मुद्दाम सांगितली नाही. “घरी जाऊन कुणी डॉक्टर व्हायचं नाही,” एवढेच म्हणाले.

दुसरी लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे पोत्यातले वासरू. संस्थेने एका सुताराकडून वासराचे लाकडी पाय करून घेतले होते, प्रत्येक सांध्याला बिजागरी लावलेले. ते बारदानाच्या ओल्या पोत्यात घालायचे, मुलांनी डोळ्यांवर पट्टी बांधून खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि हाताला लागलेला पाय पुढचा की मागचा ते सांगायचे. गाय अडली असताना डॉक्टरांना नेमके हेच करावे लागते, कारण आत काही दिसत नाही. किल्ली सोपी आहे: खुराच्या वरचा सांधा आणि त्याच्या वरचा सांधा एकाच बाजूला वळत असतील तर तो पुढचा पाय, आणि विरुद्ध बाजूंना वळत असतील तर मागचा. ऐकायला सोपी वाटणारी ही गोष्ट अंधारात, घाईत आणि निसरड्या हाताने किती अवघड होते, हे मी स्वतः करून पाहिले आणि दोन्ही वेळा चुकले. वर्गातली सर्वांत बुजरी मुलगी, जी चार दिवस एक शब्द बोलली नव्हती, तिने पाचपैकी पाच वेळा बरोबर सांगितले. ती दिघ्याची. तिने त्या आठवड्यापर्यंत गाईला कधी हात लावलेला नव्हता. शिबिराची कल्पना ज्यांच्यासाठी आहे त्यांना ती किती लागू पडते, हे मला त्या एका मुलीत दिसले, आणि म्हणून वरचा माझा आक्षेप सर्व मुलांना सारखा लागू होत नाही हेही मान्य केले पाहिजे. चोवीस मुलांपैकी निम्मी मुले ट्रान्स हार्बर रेल्वेमार्गावरच्या वस्त्यांमधली होती. त्यांना जनावर नवीन होते.

सुरक्षिततेच्या बाबतीत संस्थेला पूर्ण गुण द्यायला हरकत नाही. ठाण्यातील एका पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात नेले तेव्हा मुलांना कुत्र्या-मांजरांना हात लावू दिला नाही. काही मुले हिरमुसली. पण रेबीजची पूर्वलस घेतलेली नसताना अनोळखी कुत्र्याला हाताळायचे नाही, चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायची आणि मगच दवाखाना गाठायचा, लक्षणे दिसू लागली की हा आजार जवळजवळ नेहमीच जिवावर बेततो, हे तिथल्या डॉक्टरांनी न घाबरवता पण स्पष्ट सांगितले. गोठ्यावर सगळ्यांना हातमोजे होते, बाहेर पडताना हात-पाय धुण्याची सक्ती होती आणि जंतुनाशक पाण्यात बूट बुडवल्याशिवाय गाडीत चढू देत नसत. धारोष्ण दुधावरून मात्र चांगलाच वाद झाला. तबेल्यातच वाढलेला माझा विद्यार्थी हटून बसला की आम्ही लहानपणापासून तसेच दूध पितो आणि आम्हाला काही होत नाही. डॉक्टरांनी त्याला विचारले, “तुमच्या तबेल्यात मागच्या दोन वर्षांत किती म्हशी गाभडल्या?” त्याने मनात मोजून सांगितले, “तीन.” मग जनावरांचा गर्भ पाडणारा ब्रुसेलोसिस म्हणजे काय, तो दुधातून माणसाकडे कसा येतो, महिनोन्महिने येत-जात राहणारा ताप कसा असतो आणि म्हणूनच मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात त्याची लस का देतात, हे सगळे त्या एका प्रश्नातून उलगडले. मुलाने घरी फोन करून काय सांगितले ते मला माहीत आहे, पण ते त्याच्या वडिलांचे आणि त्याचे खासगी भांडण आहे.

गमबुटांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती लहान दिसली तरी लहान नाही. संस्थेने बूट एकगठ्ठा खरेदी केले होते आणि ते सगळे आठ-नऊ नंबरचे होते. चोवीसपैकी तेरा मुली, बहुतेकींचा पाय चार किंवा पाच नंबरचा. पहिल्या दिवशी बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून काम भागवले. तिसऱ्या दिवशी गोठ्याच्या मागच्या बाजूला, जिथे शेण आणि मूत साचते त्या चिखलात, एका मुलीचा बूट रुतून बसला, पाय बाहेर आला आणि ती गुडघ्यावर पडली. त्याच वेळी दावणीची एक म्हैस बिचकून वळली. काही झाले नाही. पण पुढे ती मुलगी दोन दिवस गोठ्याच्या दारातच उभी राहिली, आणि ‘मुलींना भीती वाटते’ असे एका स्वयंसेवकाने म्हटलेले मी ऐकले. भीती मुलीची नव्हती, बुटाची होती. मी संयोजिकेला तेव्हाच सांगितले, तिने ऐकून घेतले, पण नवे बूट शिबिर संपेपर्यंत आले नाहीत.

आठव्या दिवशी परळ. ऐरोलीहून ठाणे, तिथून धीम्या गाडीने परळ, आणि मे महिन्यातल्या दुपारी चोवीस मुलांची रांग. १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच परिसरातले, सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभे राहिलेले आणि त्यांच्या पत्नीच्या नावाने ओळखले जाणारे बाई साकरबाई पशुरुग्णालय, हे दोन्ही मुलांनी पाहिले. प्रवासात इतका वेळ गेला की तिथे जेमतेम दोन तास मिळाले. इमारत, सांगाडे आणि बरण्यांतले अवयव मुलांना आवडलेच; पण सगळ्यांत उपयोगी ठरली ती झाडाखाली वीस मिनिटे त्यांच्याशी बोललेली पदवीची एक विद्यार्थिनी, जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी माध्यमातून शिकलेली. मुलांनी तिला गाईंविषयी काहीच विचारले नाही. पुस्तके इंग्रजीत असतात तर पहिले वर्ष कसे काढले, मेसचा खर्च किती येतो, घरचे काय म्हणाले, नीट कितव्या प्रयत्नात निघाली, असे प्रश्न होते. वेळ संपली म्हणून मुलांना उठवावे लागले. मुलांना काय हवे होते, हे संयोजकांना तिथेच कळायला हवे होते.

आता नवव्या रात्रीचे प्रवेशाचे सत्र. जे सांगितले ते बरोबर होते: बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, नीट द्यावी लागते, अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यातले शेवटचे वर्ष आंतरवासितेचे, म्हणजे इंटर्नशिपचे असते, नागपूरला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पदवी महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर अशा ठिकाणी आहेत, आणि १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. हे ऐकत असताना मागच्या रांगेतल्या दोन मुलांचे चेहरे उतरलेले मी पाहिले. त्यांनी अकरावीला जीवशास्त्र सोडून गणित आणि माहिती तंत्रज्ञान घेतले होते. नऊ दिवस शेणात हात घातल्यावर त्यांना कळले की आहे त्या विषयांवर त्यांना या पदवीला प्रवेश मिळू शकत नाही. अर्जात सतरा रकाने होते, त्यांत ‘विषय कोणते घेतले’ हा एक नव्हता. मी हे संस्थेच्या पत्रात सगळ्यात वर लिहिले आहे आणि त्यासोबत एक सूचनाही केली आहे: शिबिर अकरावी झालेल्यांसाठी न ठेवता दहावीची परीक्षा दिलेल्यांसाठी ठेवावे, कारण वाट जिथे फुटते ते ठिकाण जून-जुलैमधल्या अकरावीच्या प्रवेशाचे आहे. मे महिन्यात ज्याला गाय आवडेल, तो जूनमध्ये जीवशास्त्र घेईल.

जे सांगितले नाही त्याची यादी अधिक लांब आहे, आणि मला राग आला तो त्याचा. निम्म्याहून अधिक मुले अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती आणि भटक्या जमातींतली होती. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज बारावी विज्ञान शाखेत असतानाच महाविद्यालयामार्फत करायचा असतो, आणि वडिलांचे, आजोबांचे जुने पुरावे गोळा करण्यात महिने जातात. कोकण विभागाची अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती तर ठाण्यातच आहे. ऐरोलीहून रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा कार्यालयाचा उल्लेखसुद्धा त्या दीड तासात झाला नाही. गुण असूनही निव्वळ या कागदावाचून जागा हुकलेली मुले मी पाहिली आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे असतात, वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’ आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’ या योजना आहेत, हेही आले नाही. नीटमध्ये गुण कमी पडले तर त्याच विद्यापीठात मत्स्यविज्ञान शिकता येते, हा शब्द तर कुणाच्या तोंडी नव्हताच. जणू काही डॉक्टर नाही झाले तर जनावरांशी संबंधच संपला. शेवटी दहाव्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी मीच एका टेबलावर आठ-दहा मुलांना घेऊन बसले आणि वहीच्या मागच्या पानावर कागदपत्रांची यादी उतरवून दिली. संयोजिका येऊन उभी राहिली आणि तिने त्या पानाचा फोटो काढून घेतला. ही गोष्ट तिच्या बाजूने नोंदवायला हवी.

‘मोफत’ या शब्दाविषयी थोडे. राहणे, जेवण, भेटींचा प्रवास खरोखरच मोफत होता. घरून ऐरोलीपर्यंत येण्याचे पैसे मात्र आधी स्वतः खर्च करायचे आणि पावती दाखवून नंतर घ्यायचे होते. एसटीचे तिकीट असते, रेल्वेचेही असते, पण वाडीपासून फाट्यापर्यंत येणारा जीपवाला पावती देत नाही, आणि खर्चाचा मोठा भाग तोच असतो. दुसरे म्हणजे बुडालेली कमाई. माझा तबेल्यातला विद्यार्थी लग्नसराईत केटरिंगवाल्याकडे वाढप्याचे काम करतो. मे महिन्यातले दहा दिवस म्हणजे त्याचे वर्षभराच्या वह्या-पुस्तकांचे पैसे. तो आला, कारण त्याच्या आईने ते दहा दिवस सोडले. न आलेल्या मुलांमध्ये अशी किती असतील, ते निवडीच्या यादीवरून कळत नाही. दिवसाला दोनशे रुपये जरी हातात दिले तरी फरक पडेल. संस्थेकडे पैसा नाही असे म्हणावे, तर समारोपाला प्रत्येकाला रंगीत चौकट असलेले स्मृतिचिन्ह आणि संस्थेच्या नावाचा टी-शर्ट मिळाला.

राहण्याची व्यवस्था ठीक होती. सुट्टीत रिकामे झालेले वसतिगृह, पंखे चालू, पाणी दोन वेळ, मुलींच्या मजल्यावर रात्री महिला रखवालदार. जेवण साधे आणि पोटभर, एक दिवसाआड अंडी. फोन काढून घेत आणि रात्री आठला दहा मिनिटांसाठी देत. हा नियम मला पटला होता, पण तिसऱ्या रात्री कर्जतकडच्या धनगरवाड्यावरचा एक मुलगा रडू लागला, कारण त्याच्या दोन शेळ्या त्याच आठवड्यात व्यायच्या होत्या आणि घरी त्यांच्याकडे पाहायला फक्त म्हातारे आजोबा होते. वॉर्डनबाईंनी नियम बाजूला ठेवला, पहाटे साडेपाचला त्याला फोन लावून दिला आणि तीन करडांची बातमी नाश्त्याला सगळ्यांना कळली.

शिबिरानंतर काय, याचे उत्तर सध्या तरी निराशाजनक आहे. प्रत्येक मुलाला एक मार्गदर्शक डॉक्टर मिळेल आणि तो वर्षभर महिन्यातून एकदा बोलेल, असे समारोपात जाहीर झाले होते. जून संपत आला आहे. व्हॉट्सॲप गट तयार झाला, त्यावर रोज सकाळी फुलांचे चित्र येते. निवृत्त डॉक्टरांनी मात्र स्वतःहून आपला क्रमांक मुलांना दिला होता, आणि शहापूरची मुलगी त्यांना आठवड्यातून एकदा फोन करते. मागच्या आठवड्यात वाडीतल्या एका बैलाची भकाळी फुगली तेव्हा तिने १९६२ वर फोन करून फिरते पशुवैद्यकीय पथक बोलावले आणि पथक येईपर्यंत काय पाहून ठेवायचे ते डॉक्टरांना विचारून घेतले, असे तिने मला सांगितले. तिचा जात वैधतेचा अर्जही भरून झाला आहे, तिच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरचे आडनाव वेगळे निघाल्याने आता प्रतिज्ञापत्र करावे लागणार आहे.

पुढच्या वर्षी मी मुले पाठवणार का? हो, पाठवणार, आणि त्यांत ज्यांनी जनावर जवळून पाहिलेले नाही अशी जास्त पाठवणार. पालकांनी अर्ज भरण्याआधी फोन करून मराठीत लिहिलेले चालते का, प्रवासाचे पैसे आधी मिळतील का आणि प्रवेशाचे सत्र कितव्या दिवशी आहे, एवढे विचारून घ्यावे. ते सत्र पहिल्या तीन दिवसांत ठेवले असेल तर संस्थेने माझे पत्र वाचले असे समजायला हरकत नाही. आणि मुलगी जाणार असेल तर गमबूट घरून न्यावेत. जांभळी नाक्याच्या बाजारात चार नंबरचेही मिळतात. दुकानदार आधी लहान मुलांचे रंगीत पावसाळी बूट दाखवतो, ते घेऊ नका, त्यांचा तळ शेणावर घसरतो.